उसन्या इंजिनाचा आवाज

"मॅडम, मासा पादला तर तुमच्या जहाजाला ऐकू येतं का?"

प्रश्न तोंडातून निसटल्यावर दुर्वा केळुसकरच्या लक्षात आलं, की आपण तो खरोखरच विचारलाय, आणि तोही चांगल्या खणखणीत आवाजात. पैज होती दोन ग्लास कोकम सोड्याची. पैज लावणाऱ्या दोघी, सेजल तारी आणि अफरीन मुजावर, मागच्या रांगेत एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून गदगदत होत्या. हेडसर उकडलेल्या कुर्लीसारखे लालबुंद झाले होते. सुळवण हायस्कूलचा दहावीचा अख्खा वर्ग तटरक्षक दलाच्या कोऱ्या करकरीत जहाजाच्या डेकवर उभा होता.

असिस्टंट कमांडंट दामले मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"एकट्यादुकट्या माशाचं नाही ऐकू येत," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "थवा असेल तर येतं. काही मासे तसे बुडबुडे सोडूनच अंधारात एकमेकांचा पत्ता लावतात. तुझं नाव काय गं?"

झालं! कोकम सोडे जिंकले ते जिंकले, वर दुर्वाला जहाजाच्या पोटातली ती खोली बघायला मिळाली, जिथे बाकी वर्गाला प्रवेश नव्हता.

त्या वर्षी किनाऱ्यावरची जुनी गस्ती जहाजं एकेक करून निवृत्त होत होती. पंचवीस-तीस वर्षं खाऱ्या पाण्यात झिजलेली, साठ-साठ माणसांनी चालवायची, रडार आणि दुर्बिणीच्या भरवशावर फिरणारी जहाजं. कुणी वायरलेसवर हाक मारली की ती धावायची. त्यांच्या जागी बावीस नवी येत होती. सुळवणच्या वाट्याला आलेल्या जहाजाचं नाव होतं 'उत्कर्ण', म्हणजे कान टवकारलेला. त्यावर माणसं फक्त अकरा. आणि ते हाकेची वाट बघत नव्हतं.

"बांगडा निवडताना त्याच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते, बघितली आहेस?" मॅडमनी विचारलं.

आता कोळणीच्या पोरीला हे विचारायचं? "रोज बघते."

"मासा त्या रेघेने पाण्यातली हालचाल ओळखतो. आम्ही जहाजाच्या अंगाला तशाच रेघा दिल्या आहेत. केसाएवढ्या काचतंतूंच्या, तीस हजार. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने पळतो आणि जाड आवाज तर कोसच्या कोस जातो. त्यामुळे इथे बसून आम्हाला पंचवीस-तीस मैलांवरची इंजिनं ऐकू येतात. आणि कुठल्याही दोन इंजिनांचा आवाज सारखा नसतो. एकाच्या पंख्याचं पातं खडकावर घासलेलं असतं, दुसऱ्याचा शाफ्ट किंचित डुगडुगतो. माणूस चालीवरून ओळखावा, तशी बोट ओळखता येते. इतकंच नाही, चाल बिघडायला लागली की इंजिन बंद पडायच्या चार तास आधी जहाजाला कळतं. मग ते हिशेब मांडतं. बोट केवढी, लाकडी की फायबरची, किती जुनी, समुद्र कसा आहे. आणि ज्याला सगळ्यात आधी गरज, त्याच्याकडे निघतं."

"म्हणजे बुडायच्या आधीच वाचवतं?"

"तसंच. पण त्यासाठी कुठला आवाज कुणाचा, हे कुणीतरी शिकवायला हवं. तुमच्या बंदरात एक्केचाळीस बोटी आहेत. आमचा माणूस आला की तुमची माणसं इंजिनं बंद करतात."

हे मात्र खरं होतं. वर्दी दिसली की सुळवणात सगळ्यांनाच एकदम जाळी विणायची आठवण व्हायची.

तर अशी दुर्वा 'उत्कर्ण'ची शिकवणीवाली झाली. नारळी पौर्णिमेपासून महिनाभर, शाळा सुटली की ती पाण्यात सोडायचा मायक्रोफोन आणि पिवळी पेटी घेऊन होडक्यातून बोटीबोटीपाशी जायची आणि ओरडायची, "काका, जरा चालू करा! आता जोरात! आता हळू!" मागच्या वर्षीपर्यंत वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी ती हीच, यावर तिचाच विश्वास बसेना. आई म्हणायची, "दहावीचा वर्ष आसा तुझा, आणि तू बोटींची नाडी तपासत फिरतंस?" त्यात दुर्वा घरातही मॅडमसारखी पुस्तकी मराठी बोलायला लागली होती. "वारा लागलो हिका जहाजाचो," असं आई शेजारणींना सांगायची, पण सांगताना मान जरा ताठ व्हायची.

वडिलांची 'सातेरीकृपा' तिने सगळ्यात आधी नोंदवली. चव्वेचाळीस फुटी, फायबरची, सहा सिलिंडरचं इंजिन. तो आवाज तिला पाळण्यापासून पाठ होता.

सप्टेंबरात 'सातेरीकृपा'चा तळ खडकाला लागून चिरला. बोट वाळूवर ओढून टेकू देऊन उभी केली. त्याच आठवड्यात सेजलच्या वडिलांच्या, बाबलकाकांच्या 'जयंती'चं इंजिन कायमचं बसलं. मग सुळवणात अशा वेळी जे होतं तेच झालं. साखर संपली की शेजारणीकडून वाटी आणावी, तसं इथे इंजिन उसनं देतात. ज्याची बोट बसलेली, त्याचं इंजिन शाफ्ट-पंख्यासकट ज्याला हवं त्याच्या बोटीत जातं. इंजिनापुढे नारळ ठेवायचा आणि पहिल्या जाळ्यातली सगळ्यात मोठी सुरमई मालकाच्या घरी पोचवायची, बस्स. आजोबा-पणजोबांपासूनची रीत. फक्त सरकारी कागदावर अमुक नंबरचं इंजिन अमुक बोटीचं असं पक्कं लिहिलेलं असतं. ते बदललेलं सापडलं तर दोन्ही बोटींचा परवाना वर्षभर बंद.

"खंय बोलू नको हां," वडील, रुपेश केळुसकर, इंजिन उचलणाऱ्या साखळीला हात देत म्हणाले होते.

"पण पप्पा, जहाजाला वाटेल की..."

"जहाजाक काय वाटाचा ता वाटांदे. आठ-पंधरा दिवसांचो प्रश्न."

"रुपेशा, तुझा इंजिन म्हणजे वाघ आसा, वाघ!" बाबलकाका खूश होऊन म्हणाले. "आणि गो दुर्वा, तुझ्या मॅडमीक सांग, कान झाकून घी म्हणान!"

सगळे हसले. दुर्वाही हसली. बाबलकाकांनी आणखी एक शहाणपणा केला. बोटीवरचा ट्रान्सपॉन्डर उपग्रहाला 'जयंती' असं सांगत राहणार आणि इंजिन 'सातेरीकृपा' असं गर्जत राहणार, मग बिंग फुटणार. म्हणून त्यांनी ट्रान्सपॉन्डर काढला आणि घरी तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला.

*

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी कमी दाबाचा पट्टा अंदाजापेक्षा सहा तास आधी किनाऱ्याकडे वळला. दुपारी दोन वाजता समुद्र शेवाळी रंगाचा झाला आणि माडांनी एका बाजूला केस सोडले. शाळा लवकर सुटली. तिघी मैत्रिणी धावत मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये आल्या, कारण तिथल्या भिंतीवर 'उत्कर्ण'चा फलक होता. बाहेर राहिलेल्या बोटी, जहाज ज्या क्रमाने त्यांच्याकडे जाणार त्या क्रमाने त्यावर दिसायच्या.

एक नंबरला 'गुलशन'. अफरीनच्या अब्बांची. इंजिन गरम होतंय, चार माणसं, जहाज पोचायला चाळीस मिनिटं.

"निघालंय, निघालंय," अफरीन स्वतःलाच सांगत होती. तिने दुर्वाचा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतत होती.

सेजल खालपासून वर, वरपासून खाली यादी वाचत होती. "पप्पांची बोट नाय गो हेच्यात. 'जयंती' खंय?"

दुर्वाने वाचलं. सहा नंबरला, हिरव्या रंगात, लिहिलं होतं: 'सातेरीकृपा'. फायबर, चव्वेचाळीस फूट, इंजिन उत्तम. संध्याकाळपर्यंत धोका नाही.

'सातेरीकृपा' तर खिडकीतून दिसत होती. वाळूवर, टेकूंवर, ताडपत्री फडफडवत.

दुर्वा हात सोडवून गर्दीतून वडिलांपाशी गेली. त्यांनीही ते वाचलं होतं. त्यांच्या मानेची शीर उडत होती.

"पप्पा, ते काका आहेत. जहाजाला वाटतंय आपली बोट आहे."

"हळू बोल."

"त्यांची बोट लाकडी आहे! सव्वीस वर्षांची! तुम्हीच म्हणालात, पुढच्या फळीतून पाणी घेते म्हणून!"

"बाबल येतलो गो. इंजिन बरा आसा, जहाजच सांगता मां?" ते म्हणाले, पण त्यांचे डोळे फलकावरून हलेनात. मग अगदी खालच्या आवाजात, "आणि तू सांगलंस तर जहाज खंयसून वळतला, ता बघ."

तिने बघितलं. एक नंबर. 'गुलशन'.

आतापर्यंत तिला वाटत होतं प्रश्न परवान्याचा आहे. तो असता तर किती बरं झालं असतं! बोलली तर अफरीनचे अब्बा मागे जाणार. न बोलली तर सेजलचे पप्पा सहा नंबरलाच राहणार. आणि उसनं इंजिन आणि ही यादी यांचा संबंध लागलेली हॉलमधली माणसं दोनच: एक पप्पा, एक ती. तिला पुस्तकातलं काहीही आठवेना. गणित करावं तर संख्या कुठल्या घ्यायच्या? चार माणसं आणि तीन माणसं? गरम इंजिन आणि कुजकी फळी? तिला एवढंच कळत होतं की जहाज हिशेब करतंय आणि त्या हिशेबात एक गोष्ट धडधडीत खोटी आहे.

ती मैत्रिणींपाशी परत आली, तेव्हा अफरीनने पुन्हा तिचं मनगट धरलं. तिच्या खांद्याला लटकवलेल्या पिवळ्या पेटीवर थेट जहाजाशी बोलायचं बटण होतं. तिने ते दाबलं.

"मॅडम, दुर्वा सुळवण. तुमची सहा नंबरची बोट 'सातेरीकृपा' नाही. ती 'जयंती' आहे. लाकडी, छत्तीस फूट, सव्वीस वर्षं जुनी, पुढून पाणी घेते. तीन माणसं."

खरखर. मग दामले मॅडमचा आवाज. "जहाजालाही बारा टक्के शंका होती, ती आम्ही बोटीवरच्या जास्तीच्या ओझ्यामुळे असेल असं धरलं. तुझी खात्री आहे?"

"आहे."

फलक एकदा कोरा झाला आणि परत भरला. एक नंबर, 'जयंती'. दोन नंबर, 'गुलशन'.

दुर्वाच्या मनगटावरचा हात सुटला. अफरीनने तो सोडला, इतकंच. ओरडली नाही, रडली नाही. फक्त दोन पावलं बाजूला सरकून उभी राहिली.

*

जहाज 'जयंती'पाशी पोचलं तेव्हा पाणी इंजिनाच्या पाट्याला लागलं होतं आणि बाबलकाका बादलीने उपसत होते. आणखी पंधरा मिनिटं, असं मॅडम नंतर म्हणाल्या. तिघेही वाचले. तिथून 'गुलशन'कडे वळायला जो वेळ गेला त्यात 'गुलशन'चं इंजिन बंद पडलं, बोट लाटेला आडवी झाली आणि उलटली. चौघेही तरंगते डबे धरून होते, चौघांनाही उचललं. पण अफरीनच्या अब्बांचा पाय बोट आणि जाळ्याच्या रहाटामध्ये चिरडला होता. बोट तळाला गेली.

शुक्रवारी सेजल दारातूनच धावत आली आणि दुर्वाला मिठी मारून भोकाड पसरून रडली. तिच्या आईने घावणे पाठवले होते, ओल्या नारळाचा रस पाठवला होता. दुर्वाने ते तसंच झाकून ठेवलं.

शनिवारी ती इस्पितळात गेली. अफरीन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती.

"पाय वाचला," ती म्हणाली. "गुडघ्यातून वाकणार नाही म्हणतात."

"अफरीन, मी..."

"तू सांगितलंस ते बरोबरच केलंस. मी असते तर मीपण सांगितलं असतं. बहुतेक." अफरीनने नाक पुसलं. "पण एक सांग, त्या दिवशी तुला हॉलमध्ये आल्यावर कळलं, की आधीपासून ठाऊक होतं?"

दुर्वाने मान खाली घातली.

"मग थोडे दिवस माझ्याशी बोलू नको हां," अफरीन म्हणाली. अगदी सरळ, वही परत मागावी तसं.

बसथांब्यावरून दुर्वाने दामले मॅडमना फोन लावला. आधी भलतंच काहीतरी बोलली, मग विचारलं, "मॅडम, जहाजाने ज्या क्रमाने केलं, ते बरोबर होतं का?"

"जहाज म्हणतं, बरोबर होतं. सात माणसं जिवंत आहेत." मग मॅडमचा आवाज जरा उतरला. "मला विचारशील तर मला माहीत नाही, दुर्वा. मी अजून ती यादी उघडून बघत बसते."

मोठ्या माणसांनाही माहीत नसतं, याने तिला धीर यायला हवा होता की आणखी भीती वाटायला हवी होती, हेही तिला ठरवता येईना.

"आणि समजा, माझ्या हातून नोंद करतानाच नावं बदलली गेली असतील तर?"

"तर तुझं सगळंच रेकॉर्डिंग काढून टाकावं लागेल. एक चुकलं म्हणजे बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? पुढच्या हंगामापर्यंत सुळवणच्या बोटी जहाजाला अनोळखी." मग मॅडम म्हणाल्या, "सोमवारी चौकशी आहे. झालं असेल ते सांग. घाबरू नकोस."

नावं बदलण्याचं तिने उगाच विचारलं नव्हतं. सकाळीच सोसायटीचे चेअरमन आत्मारामकाका घरी येऊन गेले होते. ओटीवर बसून, चहा बशीत ओतत, त्यांनी तोडगा काढला होता. दुर्वाने जहाजाला सांगितलं ते फक्त नाव. इंजिनाचं काही बोलली नाही. तेव्हा आवाज भरताना पोरीकडून 'जयंती' आणि 'सातेरीकृपा'ची अदलाबदल झाली, असं म्हणायचं. "पोर आसा, दहावीतला. पोराक कोण शिक्षा करता? दोन घरांचो परवानो वाचतलो."

*

रविवारी दुपारी जेवणं झाली तरी कुणी पानावरून उठलं नाही. आईने ताकाचा तांब्या उगाचच इकडचा तिकडे ठेवला.

"माका ठाऊक आसा, ता बरा नाय," वडील ताटात बोट फिरवत म्हणाले. "पण ऐक. तू दोन वर्षांची होतंस तेव्हा आमचा इंजिन फुटला होता. बाबलच्या बापाशीन आपला इंजिन काढून दिल्यान. स्वतः हंगामभर घरी बसलो. ह्या सगळ्याक गुन्हो म्हणतत सरकारी कागदात. मी बाबलाक नाय म्हणूक पायजे होता? सांग तूच."

"नाही," दुर्वा म्हणाली. खरंच तिला तसं वाटत नव्हतं.

"मग? वर्षभर दोन बोटी वाळूत. बाबलाकडे खलाशी दोन, आपल्याकडे चार. त्यांची घरा."

"आणि लोक तरी काय बोलतले तुका?" आई म्हणाली. "चार दिवस हसतले. पेटी परत देवची. नायतरी दहावीचा वर्ष."

हसतले. दुर्वाच्या डोळ्यांसमोर ते सगळं येऊन गेलं. होडक्यातून ओरडणारी ती, "आता जोरात!", आणि धक्क्यावरून कुणीतरी म्हणणारं, हीच ती, जिने नावांचा घोळ घातला. परत हात वर न करणारी मुलगी व्हायचं. एवढंच असतं तर तिने केलंही असतं. पप्पांचा हा चेहरा तिला बघवत नव्हता. पण पुढच्या महिन्यात कुणाचं तरी इंजिन बसणार होतं. कुणीतरी नारळ ठेवून दुसऱ्याचं आणणार होतं. ट्रान्सपॉन्डर तांदळाच्या डब्यावर जाणार होता. आणि जहाज बिचारं तीस हजार कानांनी ऐकून परत चुकीच्या माणसाला सुखरूप समजणार होतं, कारण उसनं हा शब्दच त्याला कुणी शिकवला नव्हता. रीत वाईट नव्हती. जहाज वाईट नव्हतं. मग अफरीनच्या अब्बांचा पाय कशाने गेला? लपवल्याने? की सांगितल्याने? तीन दिवस हा प्रश्न उलटासुलटा करून तिचं डोकं दुखायला लागलं होतं आणि उत्तर अजून आलेलं नव्हतं. अफरीनने बाकावर विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र तिच्याकडे होतं.

ती उठली, हात धुऊन आली आणि दारात उभी राहिली.

"पप्पा, आई, माझं ठरलंय. नावांची चूक मी केली असं मी म्हणणार नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आवाज मी बरोबर भरलेत. माझी चूक वेगळी आहे. तीन आठवडे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. ती मी सांगणार."

"दुर्वा..."

"थांबा ना, संपलं नाही. इंजिन उसनं का देतात, तेही सांगणार. नारळ, सुरमई, बाबलकाकांचे वडील, सगळं. त्यांना विचारणार की उसनं दिल्याची नोंद रोज संध्याकाळी माझ्या पेटीवरून जहाजाला दिली, तर परवाना कशाला बंद करता? ते ऐकतील की नाही, मला माहीत नाही. नाही ऐकलं तर बोट वर्षभर वाळूत राहील आणि तुम्ही माझ्यावर रागवाल, तेही मला माहीत आहे." तिने दाराची चौकट धरली. "मी उद्या सकाळी आठच्या एसटीने जाणार. तुम्ही दोघं आलात तर मला खूप बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार."